निवटी श्वास कसा घेते?

माधवनगरला विज्ञान शिक्षकांच्या एका बैठकीला आम्ही गेलो होतो. बैठक संपून चहा आला, तेव्हा एक बाई घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांतली एक उत्तरपत्रिका त्यांनी वेगळी काढून ठेवली होती. प्रश्न नेहमीचाच होता : ‘मासा पाण्याबाहेर काढला की मरतो. शास्त्रीय कारण द्या.’ सातवीतल्या एका मुलीने कारण दिलेच नव्हते. तिने लिहिले होते, ‘सगळे मासे मरत नाहीत. निवटी मरत नाही. ती चिखलावर पळते.’ बाईंनी शून्य गुण दिले होते. पेपर हातात आल्यावर ती मुलगी रडली नाही, भांडलीही नाही. एवढेच म्हणाली, "बाई, मी बघितलीय. माझा मामा पकडतो." तिचे आजोळ उरणजवळ, खाडीकाठी.

"सर, असा मासा खरंच असतो?" बाईंनी विचारले.

असतो, आम्ही म्हणालो. मुलीचे बरोबर आहे.

"मग तो श्वास कसा घेतो?"

"बेडकासारखा. ओल्या कातडीने," असे सांगून आम्ही चहाचा कप खाली ठेवला आणि निघालो.

गाडीत बसल्यावर लक्षात आले की आपण अर्धेच उत्तर दिले, आणि तेही घाईत. कातडीने श्वास घेता येत असेल तर इतर माशांनी काय घोडे मारले आहे? त्यांचीही कातडी ओलीच असते. आणि कातडीचे उत्तर मोठ्या माशाला पुरले, तरी चिखलात अडीच-तीन वितींवर असलेल्या त्याच्या अंड्यांचे काय? हा लेख म्हणजे त्या अर्ध्या उत्तराची भरपाई आहे.

माधवनगरच्या मुलांना वर्गातून उठवून उरणच्या खाडीवर नेता येणार नाही. पण निवटीचा एक नातेवाईक त्यांच्या अगदी हाताशी आहे. सांगलीच्या घाटावर किंवा हरिपूरला, जिथे वारणा कृष्णेला मिळते तिथे, जाळे टाकणाऱ्यांना कधीकधी एक लांबट, वाळूच्या रंगाचा, चपट्या डोक्याचा मासा मिळतो. काही ठिकाणी त्याला खरपा म्हणतात; गाव बदलले की नावही बदलते. शास्त्रीय नाव ग्लॉसोगोबियस गिउरिस. १८२२ साली हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. हा गोड्या पाण्यात राहतो तसाच खाडीच्या मचूळ पाण्यातही राहतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक महासागरातल्या बेटांपर्यंत तो सापडतो. हा मासा मिळाला तर मुलांना तो उताणा करून पाहायला सांगा. पोटाखाली, छातीशी, दोन सुटे पर दिसण्याऐवजी दोन्ही पर एकत्र जुळून झालेली एक छोटी वाटी दिसेल. तळाशी दगडाला किंवा वाळूला टेकून बसायला ही वाटी उपयोगी पडते.

अशी वाटी असणाऱ्या माशांच्या गटाला गोबी म्हणतात. (फुलकोबीशी याचा काही संबंध नाही. ‘गोबियस’ हा जुना लॅटिन शब्द आहे. वर्गात हसू येणारच, म्हणून आधीच सांगितले.) या गटात दोन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या बोटभर किंवा त्याहून लहान. जगातल्या सर्वांत लहान पृष्ठवंशी प्राण्यांपैकी काही याच गटातले आहेत. फिलिपिन्समधला पंडाका पिग्मिया नावाचा गोबी पूर्ण वाढला तरी सेंटिमीटरभरच असतो. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तींवरचा एव्हिओटा सिगिलाटा हा गोबी जन्मापासून मरेपर्यंत जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. गोबी उथळ पाण्यात, तळाला धरून, कोणाच्या नजरेत न भरता राहतात. उथळ पाणी ही मात्र बेभरवशाची जागा. ते तापते, आटते, त्यातला ऑक्सिजन संपतो. ओहोटीला तर ते निघूनच जाते. गोबींच्या एका शाखेने यावर जो तोडगा काढला, तो म्हणजे निवटी.

निवटीकडे वळण्याआधी, साधा मासा पाण्याबाहेर का मरतो ते नीट पाहू. कारण आपल्या मुलांची उत्तरे इथेच घसरतात. बरीच मुले लिहितात, ‘मासा पाण्यातला ऑक्सिजन घेतो, हवेतला घेऊ शकत नाही.’ जणू ऑक्सिजन दोन प्रकारचे असतात. काहींना वाटते की पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन फोडून मासा तो वापरतो. दोन्ही चूक. पाण्यात हवा विरघळलेली असते आणि तिच्यातलाच ऑक्सिजन मासा घेतो. नळाचे पाणी मंद आचेवर ठेवले तर उकळण्याच्या बरेच आधी भांड्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरतात. ती हीच हवा.

आता आकडे पाहा. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. आपल्या किनाऱ्यावरच्या, अठ्ठावीस-तीस अंश तापमानाच्या एक लिटर समुद्राच्या पाण्यात, ते हवेने पुरेपूर भरलेले असले तरी, साडेचार मिलिलिटरच्या आसपास. पंचेचाळीस पटींहून अधिक फरक झाला. शिवाय पाणी हवेच्या सुमारे आठशे पट जड. तेवढे जड पाणी सतत कल्ल्यांवरून ढकलायचे आणि त्यातून हा चिमूटभर ऑक्सिजन काढायचा. हिशोबाने पाहिले तर पाण्याबाहेर आल्यावर माशाची चैन व्हायला हवी. तरी तो गुदमरतो.

का, ते चित्रकलेच्या ब्रशने दाखवता येते. मऊ केसांचा ब्रश पाण्याच्या ग्लासात बुडवून हलवा. केस सुटे होऊन पसरतात. आता तो बाहेर काढा. सगळे केस एकमेकांना चिकटून एक टोकदार शेंडी होते. कल्ल्यांचेही असेच होते. त्यांच्या तंतूंवर पुस्तकाच्या पानांसारख्या अतिशय पातळ पाकळ्या असतात आणि पाण्यात त्या तरंगून सुट्या राहतात, म्हणून एवढ्याशा जागेत प्रचंड पृष्ठभाग मिळतो. हवेत आल्याबरोबर पाण्याच्या पृष्ठताणाने त्या एकमेकींना चिकटतात. पृष्ठभाग जातो, मग जे उरते तेही सुकते. माशाभोवती ऑक्सिजनचा महापूर असतो आणि तो घ्यायला हात उरलेले नसतात. हा प्रयोग दोन मिनिटांचा आहे आणि आमच्या अनुभवाने मुले तो विसरत नाहीत.

आता निवटी. काही गावांत तिला निवटा म्हणतात. मुंबई, ठाणे, उरण, पनवेल, अलिबागच्या खाड्यांत जी सर्रास दिसते तिचे नाव बोलिओफ्थाल्मस दुसुमिएरी. द्युस्युमिए हे फ्रेंच दर्यावर्दी व्यापारी. भारताच्या खेपांमध्ये ते प्राणी गोळा करून पॅरिसला नेत. क्यूव्हिए आणि व्हालेन्सिएन यांच्या माशांवरच्या मोठ्या ग्रंथमालेत १८३७ साली या जातीचे वर्णन आले, ते मुंबईच्या किनाऱ्यावरून नेलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ज्या माशाच्या नावावर सांगलीकडच्या मुलीला शून्य मिळाले, तो शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला तोच मुंबईचा रहिवासी म्हणून. मुत्सद्दी आणि डी. व्ही. बाळ यांनी १९७० च्या सुमारास याच जातीच्या आहारावर आणि प्रजननावर मुंबईत काम केले. आगरी-कोळी घरांत तर निवटीला कुठल्या ओळखीची गरज नाही. बाजारात ती टोपलीत जिवंत, वळवळत विकायला येते आणि तिचे कालवण आवडीने खाल्ले जाते. टोपलीत पाणी नसते, हे पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

वीतभर लांबीचा, मातकट रंगाचा, अंगावर बारीक ठिपके असलेला हा मासा. डोळे डोक्याच्या अगदी माथ्यावर, बेडकासारखे उठलेले. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की निवटी बिळातून बाहेर येते. छातीचे दोन पर ती कुबड्यांसारखे एकदम पुढे टेकते आणि अंग ओढून घेते, पुन्हा टेकते, पुन्हा ओढते. पुढे पर टाकण्याच्या मधल्या क्षणात अंग पेलून धरते ती पोटाखालची वाटी, कृष्णेतल्या माशाची तीच वाटी. घाई असेल तर शेपटीच्या झटक्याने उडी. उन्हाने चिखलावर जी तपकिरी-सोनेरी साय धरते ती डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची असते. निवटी डोके डावीकडे-उजवीकडे हलवत ती साय खरवडून खाते. तिने चरलेल्या जागी चिखलावर कोयत्याने ओढल्यासारख्या खुणा दिसतात. म्हणून तिला तिवरांच्या दाट सावलीपेक्षा उघडा, ऊन खाणारा चिखल लागतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

तर श्वास. पहिली गोष्ट, निवट्यांचे कल्ले ब्रशच्या केसांसारखे लगेच मिटत नाहीत. त्यांचे तंतू आखूड आणि ताठ असतात. मलेशियातली पेरिऑफ्थाल्मोडॉन श्लोसेरी ही मोठी निवटी आहे. तिच्या कल्ल्यांच्या शेजारशेजारच्या पाकळ्या मधूनमधून एकमेकींना जोडलेल्याच असतात, त्यामुळे त्या कोसळत नाहीत. दुसरी गोष्ट, कातडी. आमचे घाईतले उत्तर इथे लागू पडते, पण कातडी नुसती ओली असून भागत नाही. निवटीच्या डोक्यावरच्या आणि पाठीवरच्या कातडीत रक्ताच्या केशवाहिन्या बाहेरच्या थरात, पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेल्या असतात. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत फार पातळ असते. ही कातडी सुकली की संपले, म्हणून निवटी मधूनमधून कुशीवर लोळून पाठ ओल्या चिखलाला लावते. तिसरी गोष्ट, तोंड आणि घसा. यांच्या आतल्या अस्तरालाही रक्ताचा भरपूर पुरवठा असतो. निवटी तोंडात हवा भरून घेते, कल्ल्यांची झाकणे घट्ट मिटते आणि गाल फुगवून बसते.

‘निवटी गालात पाण्याची टाकी घेऊन जमिनीवर येते, उलट्या पाणबुड्यासारखी’ असे कित्येक पुस्तकांत छापलेले आढळते. उपमा झकास आहे, पण अपुरी आहे. श्लोसेरीच्या गालांत प्रत्यक्ष तपासले तेव्हा तिथे हवा सापडली. आणि वरचे आकडे आठवले तर यात नवल नाही. घोटभर पाण्यात ऑक्सिजन तो किती असणार? तेवढ्याच हवेत त्याच्या पंचेचाळीस पट. पाणी कल्ले ओले ठेवायला लागते, श्वासाचा साठा म्हणून ते कुचकामी.

श्वासाबरोबर इतरही व्यवहार बदलावे लागतात. मासे शरीरातला अमोनिया कल्ल्यांवाटे भोवतालच्या पाण्यात सोडतात. पाणीच नसेल तर तो अंगात साठून विषबाधा होईल. श्लोसेरी तो ऊर्जा खर्चून कल्ल्यांतून बाहेर ढकलते. डोळे सुकू नयेत म्हणून निवटी ते खोबणीत खाली ओढून घेते आणि खालच्या कातडीचा पेला वर येऊन त्यांना पुसून ओले करतो. म्हणजे ती चक्क डोळे मिचकावते. माशांना पापण्या नसतात हे वाक्य शिकवताना हा अपवादही सांगायला हरकत नाही.

पण आम्हाला विचाराल तर निवटीची खरी करामत चिखलाच्या वर घडत नाही, खाली घडते.

खाडीच्या चिखलात बोट खुपसून बाहेर काढा. वरचा पातळ थर तपकिरी, त्याखाली काळा, आणि बोटाला सडक्या अंड्याचा वास. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. काळा रंग आणि तो वास, दोन्ही एकच सांगतात : इथे ऑक्सिजन नाही. चिखलातल्या जिवाणूंनी तो केव्हाच संपवलेला असतो. बिळात साठलेल्या पाण्यातही तो जवळजवळ नसतो. आणि निवटी अंडी घालते ती नेमकी इथे, बिळाच्या खोल टोकाच्या कोठडीत, छताला चिकटवून. अंड्यांना कुबड्या नाहीत, गाल नाहीत, वर येऊन श्वास घेता येत नाही. वाढणाऱ्या गर्भाला तर ऑक्सिजन सतत लागतो. मग ती जगतात कशी?

१९९८ साली जपानचे इशिमात्सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. मलेशियात पेनांगच्या चिखलात त्यांनी श्लोसेरीची बिळे तपासली, तेव्हा बिळाच्या कोठडीत हवा अडकलेली सापडली. ती आपोआप शिरलेली नव्हती. मासा बिळाच्या तोंडाशी येऊन तोंडभर हवा घेतो, पाण्यातून खाली जातो, कोठडीत ती सोडतो, पुन्हा वर येतो. अशा कितीतरी खेपा. ती हवा वर जाऊन छताला थांबते. अंडी छतालाच असतात.

हे वर्गात दाखवायला काही नवे सामान लागत नाही. ‘हवा जागा व्यापते’ शिकवताना आपण कागदाचा बोळा तळाशी घट्ट बसवून ग्लास उलटा पाण्यात दाबतो आणि कागद कोरडा राहतो. बोळ्याच्या जागी अंडी, ग्लासाच्या जागी चिखलाची कोठडी. हाच प्रयोग थोडा पुढे न्या. रबरी नळीचे एक टोक पाण्याखालून उलट्या ग्लासात घाला आणि दुसऱ्या टोकाने, ग्लासातले पाणी आधी नळीत शिरू न देता, हळूहळू फुंका. आधी ग्लास पाण्याने भरलेला असेल तर फुंकरीगणिक पाणी खाली सरकून हवा साठताना दिसते. निवटीची प्रत्येक खेप म्हणजे अशी एक फुंकर.

नंतर जपानमधल्या बोलिओफ्थाल्मस पेक्टिनिरोस्ट्रिस या जातीतही बिळातली हवा आणि तिच्यावर वाढणारी अंडी दिसून आली. ही आपल्या निवटीच्याच प्रजातीतली बहीण. तिकडे तिला मुत्सुगोरो म्हणतात, आणि तिकडेही ती खातात.

पण गोष्ट इथे संपत नाही. अंडी हवेत वाढली, पिल्ले तयार झाली, तरी ती पिल्ले हवेत जन्मून चालणार नाहीत. ती पारदर्शक, सुईच्या टोकाएवढी असतात आणि त्यांना पाण्यातच पोहायचे असते. म्हणजे आठवडाभर हवा हवी आणि नेमक्या एका क्षणी पाणी हवे. २००७ साली इशिमात्सूंच्याच गटाने जपानच्या पेरिऑफ्थाल्मस मोडेस्टस या लहान निवटीत हा पेच कसा सुटतो ते दाखवले. तिथे अंडी राखतो नर. तो दर ओहोटीला कोठडीत हवा भरत राहतो. अंडी पिकली की एका रात्री, भरतीचे पाणी चढत असताना, तो उलटा उद्योग सुरू करतो. कोठडीतली हवा तोंडात घेऊन वर येतो आणि बाहेर सोडतो. पुन्हा खाली जातो, पुन्हा हवा आणतो. कोठडीत पाणी चढते, अंड्यांना लागते, आणि पाणी लागताच पिल्ले बाहेर पडतात. प्रयोगशाळेतही हीच गोष्ट दिसली : हवेत ठेवलेली पिकलेली अंडी पाण्यात बुडवली की फुटतात. ग्लासाच्या प्रयोगात याच्यासाठी नळीने फुंकण्याऐवजी हवा ओढून घ्यायची. मुलांना हा भाग जास्त आवडतो, फक्त तोंडात पाणी येण्याआधी थांबायला सांगा.

आता या कोठडीचे छत कशाचे असते याचा विचार करा. बारीक, चिकट गाळाचे. त्यातून हवा झिरपून जात नाही. वाळूत असे छत टिकणार नाही, दगडमातीच्या भरावात तर बीळच खणता येणार नाही. निवटीला ‘खाडी’ लागते असे मोघम म्हणून चालत नाही. तिला भरती-ओहोटीत रोज उघडा पडणारा, बारीक गाळाचा, उन्हातला चिखल लागतो. तो गेला की श्वास, खाद्य आणि पाळणाघर एकदमच गेले. आणि नेमकी हीच जमीन आपल्या नकाशांवर पडीक म्हणून दिसते. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, त्यानंतर उरण-पनवेल बाजूच्या खाजणांचे मोठे पट्टे बंदर, रस्ते आणि गोदामांच्या भरावाखाली गेले. तिवरांना आज थोडेफार संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर तिवरांच्या तोडीवर बंदी घातली. जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टेही २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत संवेदनशील क्षेत्रात धरलेले आहेत. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तरीही झाड तोडले की लोक ओरडतात आणि उघड्या चिखलावर डंपर रिकामा झाला की कोणाला काही वाटत नाही, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. उत्साहाने उघड्या चिखलपट्ट्यांवर तिवरांची रोपे लावणाऱ्यांनीही खाली कोण राहते ते आधी बघावे, असे आमचे मत आहे.

शिकवताना एक घोळ मात्र टाळायला हवा. निवटी दाखवून ‘माशांपासून बेडूक असे झाले’ असे सांगण्याचा मोह होतो. निवटी बेडकाची पूर्वज नाही. चार पायांच्या प्राण्यांचे पूर्वज मांसल परांचे मासे होते, आणि ते सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी काठाला लागले. २००४ साली कॅनडाच्या उत्तर भागात सापडलेला टिकटालिक हा त्या काळातला जीवाश्म. गोबी ही माशांची अगदी वेगळी, फार अलीकडची शाखा. पाण्याबाहेर येण्याचा प्रयोग निसर्गात एकदाच झाला नाही, अनेकदा झाला, वेगवेगळ्या घराण्यांनी केला, आणि प्रत्येकाची युक्ती वेगळी. यातली एक युक्ती सांगलीच्या मासळी बाजारातही दिसते. मरळ मासा तिथे तासन्‌तास जिवंत राहतो, कारण कल्ल्यांच्या वरच्या बाजूला त्याच्याजवळ हवेच्या श्वसनासाठी स्वतंत्र पोकळी असते. मोठ्या मरळाला पाण्याच्या पृष्ठभागावर येऊच दिले नाही, तर तो पाण्यात गुदमरून मरतो. मासा बुडून मेला, असे एखाद्या मुलाने उत्तरपत्रिकेत लिहिले तर त्यालाही लगेच शून्य देऊ नये.

बाईंना आम्ही हे सारे पत्राने कळवले, सोबत ब्रशचा आणि ग्लासाचा प्रयोग. त्यांचे उत्तर आले. मुलीला त्यांनी अर्धे गुण दिले, पूर्ण नाहीत, कारण विचारलेले कारण तिने दिले नव्हते. हे आम्हाला पटले. पुढच्या चाचणीत त्यांनी प्रश्न असा घातला : ‘बहुतेक मासे पाण्याबाहेर काढल्यास मरतात, निवटी मरत नाही. दोन्हींची कारणे द्या.’

सहलीला कोकणात जाणाऱ्या शाळांसाठी थोडे व्यवहाराचे. निवटी पाहायची तर ओहोटी साधावी लागते, आणि तिची वेळ कॅलेंडरवरून काढता येते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, बाराच्या आसपास. सकाळी निघून दुपारपर्यंत पोहोचणाऱ्या बसला अष्टमी-नवमी सोयीची. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला येते; त्या दिवशी उधाण असल्याने चिखल लांबवर उघडा पडतो, पण मुले झोपेत असतात. समुद्राच्या वाळूवर निवटी शोधू नका. खाडीचा बंधारा किंवा जेटी गाठा आणि चिखलात न उतरता कडेला बसा. पावलांच्या हादऱ्याने सगळ्या निवट्या बिळात जातात. पंधरा-वीस मिनिटे कोणी हलले नाही, तर एकेक बाहेर येऊ लागते, बहुधा आधी फक्त डोळे.

एका मुलाने एकच निवटी धरून ठेवावी आणि ती कुशीवर किती वेळाने लोळते ते घड्याळ लावून दहा मिनिटे लिहावे. ऊन आणि ढग यांची नोंद शेजारी करावी. एका वर्गाच्या तीस-चाळीस नोंदी झाल्या की उन्हात ती जास्त वेळा लोळते का, हे मुलांना स्वतःच्या आकड्यांतून काढता येईल. अशा नोंदी कोणी केल्या तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवाव्यात; तारीख, वेळ आणि खाडीचे नाव तेवढे विसरू नये.